दुपारची रात्रपाळी

जेवणं झाली, मागची आवराआवर केली आणि जरा लवंडले तोच फोन टुणकन वाजला. सिएटलहून. लेकीचा नाही, नातवाच्या मोज्याचा.

तिकडं आता तान्ह्या पोराच्या पायात एक मोजा घालतात, तो ठोके नि ऑक्सिजन मोजत बसतो, वर भिंतीला कॅमेरा, आणि सगळं ॲपवर दिसतं. आपल्याकडं दुपारचा दीड म्हणजे तिथं रात्रीचा एक, म्हणून लेकीनं पासवर्डच देऊन टाकला, आई तेवढे दोन तास तू बघ, मी झोपतो. (आठ वर्षं झाली जाऊन, तरी पोरगी 'झोपतो'च म्हणते. कोल्हापूरचं पाणी.) तेव्हापासनं माझी रात्रपाळी चालू आहे, भर उन्हात.

बघायला तसं काय नसतंच ओ. पोरगं उताणं, दोन्ही हात वर, खाली आकडा, १३२, १२८, १३५. ह्यांना शेअरचं खूळ होतं तेव्हा आकडे बघत बसायचे म्हणून किती बोललीय मी, आणि आता माझंच तसं झालंय.

मी पाठवलेली गोधडी काय दिसत नाही त्यात. पाळण्यात गोधडी नको, उशी नको, म्हणून ती सोफ्यावर पडलीय. बरं, हे सांगणारी तिथल्या बालरोगतज्ज्ञांची जी संघटना आहे तीच २०२२ च्या सूचनांत म्हणते की झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका कमी करायला असल्या घरगुती यंत्रांवर विसंबू नका. जावयानंच वाचून दाखवलं. मग काढा की तो मोजा, म्हटलं. तर म्हणतो, आता काढला तर जी काय दोन तास झोप लागते तीपण जाईल. जावई यंत्रांचाच माणूस, त्यानंच सांगितलं की दुसऱ्या खोलीतनं बाळाचा आवाज ऐकायचा असला पहिला रेडिओ १९३७ साली झेनिथ कंपनीनं काढला, १९३२ ला लिंडबर्ग वैमानिकाचं बाळ पळवून नेलं होतं त्या धास्तीतनं. म्हणजे मूळ भीती चोराची. आता घरात चोर नाही तर आपण श्वासावर पाळत ठेवून बसलोय.

शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात तुळईला नऊवारीची झोळी असायची. आजी खाली बसून तांदूळ निवडायची आणि झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला. खडा ताटाबाहेर, दोरीला हिसका, खडा, हिसका. धाकटा भाऊ आत. मग हळूहळू हिसके लांबायचे आणि बघावं तर आजीच भिंतीला टेकून घोरतेय, सुपात मुंग्या. झोळी हलायची थांबली की भाऊ रडायचा, आजी दचकून परत अंगठा हलवायची, डोळे मिटलेलेच. मी हसायचे. मधेच कधीतरी ती उठून त्याच्या नाकाखाली बोट धरायची, ते मात्र मला तेव्हा कळायचं नाही, वाटायचं शेंबूड बघतेय.

तर आजचा टुणटुणाट. मोजा निसटला होता, बाकी काय नाही. मागच्या खेपेला असंच झालं तेव्हा मी घाबरून लेकीला उठवलं होतं, दोघी रडलो, आणि पोरगं ढाराढूर. मग तिच्या डॉक्टरांनी समजावलं की तान्ह्यांचा श्वास मधेच ५-१० सेकंद थांबतो, तसा असतोच तो. तिला समजावलं, मला कोण समजावणार.

म्हणून आज फोन न करता नुसती बघत राहिले. पोट हलतंय का ते. हलतंय. पण नक्की हलतंय का माझाच हात हलतोय.

तेवढ्यात चौकटीत एक हात आला. बांगडी नाही, हातात नुसतं घड्याळ. बोट नाकाखाली गेलं, थांबलं, बराच वेळ थांबलं.

म्हणजे ही झोपलेलीच नाही.

मी काय फोन केला नाही. उठून चहा ठेवला.