गवतासाठी सेरेंगेटीला

टांझानियातल्या अरुशा शहराहून सेरेंगेटीकडे निघालेला डांबरी रस्ता न्गोरोंगोरोच्या लोदोआरे गेटपाशी संपतो. पुढे लाल मातीचा चढ, दोन्ही बाजूंना ओलं दाट रान, झाडांवरून लोंबणारं शेवाळं. चढ संपतो तिथे सगळ्या गाड्या थांबतात, कारण समोर ते विवर उघडतं. सुमारे २० किलोमीटर रुंद, ६०० मीटर खोल, आणि तळाशी २६० चौरस किलोमीटरचं सपाट मैदान. फोटो काढून झाले की मंडळी घाईने गाडीत बसतात, सिंह गाठायचे असतात. माझं सांगणं आहे की इथे जरा थांबा. पुढे सेरेंगेटीत जे काही दिसतं, त्याची सुरुवात या डोंगरांत झालेली आहे.

हे सगळे ज्वालामुखी. बहुतेक कधीचेच विझलेले, पण ओल दोइन्यो लेंगाई अजून जागा आहे. लाखो वर्षं या डोंगरांमधून उडालेली राख पूर्वेच्या वाऱ्याने पश्चिमेला जाऊन पडत राहिली. ती जिथे पडली तिथे आज सेरेंगेटीचा दक्षिणेकडचा माळ आहे. वाटेत उजवीकडे ओल्डुवाईचा फाटा लागतो. याच राखेच्या थरांत १९५९ साली मेरी लीकी यांना आदिमानवाची कवटी सापडली. आम्ही तिथलं संग्रहालय भरभर पाहून निघालो, कारण दाजींचं लक्ष केव्हापासून खिडकीबाहेर लागलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मंगळवेढ्याकडचे, घरची ज्वारीची शेती. प्राणी दिसोत न दिसोत, हा माणूस आधी जमीन बघतो. फेब्रुवारीतला माळ हिरवागार होता आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत एकही झाड नव्हतं. दाजींना ते खटकलं. "एवढा पाऊस पडतो, मग झाड का नाही?" त्यांनी मला मराठीत विचारलं, मी आमच्या चालक-गाईडना इंग्रजीत विचारलं. पंचविशीपासून याच वाटांवर गाडी चालवलेला हा गृहस्थ, आता केस पांढरे झालेले. प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा खुलला. सिंह कुठे आहेत हे सगळेच विचारतात, झाड का नाही हे फारसं कुणी विचारत नाही, असं म्हणाले.

त्यांनी सांगितलेलं कारण असं. राखेत चुना आणि क्षार भरपूर. पावसाच्या पाण्याबरोबर ते खाली झिरपतात आणि थोड्याच खोलीवर साकळून सिमेंटसारखा कडक थर तयार होतो. झाडाचं मूळ त्याला भेदून जाऊ शकत नाही. गवताचं मूळ वरच्यावर पसरतं, त्याचं भागतं. शिवाय याच मातीमुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस मुबलक असतो. दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच लागतं. म्हणून दरवर्षी साधारण डिसेंबरपासून लाखो वाइल्डबीस्ट (गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं) इथे येतात आणि व्यायचा हंगाम इथे घालवतात. पाऊस संपला की डबकी आटतात, गवत वाळतं, मग त्यांना पश्चिमेला आणि पुढे उत्तरेला, मारा नदीकडे जावंच लागतं. नदी ओलांडतानाची चित्रं जगभर गाजली आहेत, पण ज्या गवतासाठी ही सगळी पायपीट चालते ते इथलं आहे.

याच माळावर, नदुतू तळ्याकाठी, आमचा तंबू बाभळींच्या सावलीत होता. (तळ्याकाठी थोडी खोल माती आहे, तिथे झाडं तगतात.) दाजींनी चपला काढल्या, मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली. राखाडी, पिठासारखी मऊ. गवताचा एक ठोंब निरखून म्हणाले, "हे लव्हाळ्याच्या जातीतलं दिसतंय." गाईडनी नाव सांगितलं, कायलिंगा. लव्हाळ्याच्याच कुळातलं. करंगळीएवढी उंची, वरून खुरडून खाल्लेलं, तरी बुडाशी नवे पोपटी कोंब. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याची नजर किती पक्की असते ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कळपांच्या मधोमध गाडी बंद करून थांबलो. कळप म्हणावा तर त्याला कडाच नव्हती. चारही बाजूंनी घोगरा घूं-घूं आवाज, शेणाचा आणि तुडवलेल्या ओल्या गवताचा वास. गाडीपासून थोड्याच अंतरावर एक मादी सारखी बसत होती, उठत होती, स्वतःभोवती फिरत होती. ताई हळूच म्हणाली, "व्यायला झालीय ती." मागून दोन पिवळट खूर दिसत होते. मादी आडवी झाली, मान ताणली, आणि एका जोराच्या कळेसरशी वासरू बाहेर आलं. फिक्या तपकिरी रंगाचं, ओलं, अंगावर पातळ पडदा. आई लगेच उठून चाटायला लागली. वासराने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग वर उचलला आणि तोंडावर पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. मग चारही पाय फाकवून उभं राहिलं, लटपटलं, पण टिकलं. सगळा मामला पाच-सात मिनिटांचा. थोड्या वेळाने ते आईच्या मागे पळतही होतं. दोन कोल्हे मादीची वार पडायची वाट बघत जवळच बसले होते.

एका हंगामात चार-पाच लाख वासरं जन्मतात आणि त्यांतली बहुतेक अवघ्या दोन-तीन आठवड्यांत. तरस, सिंह, चित्ते खाऊन खाऊन किती खाणार? गर्दी हेच त्यांचं संरक्षण. पण या गर्दीत चुकामूक झाली की वासराचं काही खरं नसतं. दुपारी असंच एक एकटं वासरू धावत आलं आणि थेट आमच्या गाडीच्या सावलीत उभं राहिलं. चुकलेली वासरं हलणाऱ्या कुठल्याही मोठ्या वस्तूमागे जातात, प्रसंगी तरसामागेसुद्धा. ताईने विचारलं, "कळपापर्यंत पोचवता नाही का येणार?" गाईडनी मान हलवली. इथे हस्तक्षेप करायचा नाही हा नियम. ते मागे लागू नये म्हणून त्यांनी गाडी आधी अगदी सावकाश काढली आणि मग एकदम वेग घेतला. ताई बराच वेळ कुणाशी बोलली नाही.

त्या रात्री जेवताना विषय गुरांच्या रोगावर गेला. इथल्या गुराखी मासाई लोकांच्या गुरांचं बोलणं चाललं होतं आणि दाजींना बुळकांडी आठवली. त्यांच्या आजोबांची बैलजोडी बुळकांडीने गेली होती, ही गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात. हाच रोग १८८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या शिंगाजवळ, इरिट्रियात, बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर उतरला असं मानलं जातं. दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला. मासाईंची बहुतेक गुरं गेली, माणसं उपासमारीने गेली, रानातले वाइल्डबीस्ट आणि म्हशी गेल्या. पुढे कित्येक दशकं वाइल्डबीस्टची वासरं याच रोगाने मरत राहिली.

त्यावर उपाय रानात झाला नाही, गोठ्यात झाला. आपल्याकडे कुमाऊंतल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत १९२०च्या दशकात बकऱ्यांमधून वाढवलेल्या विषाणूची लस बनली होती. नैरोबीजवळच्या मुगुगा इथे वॉल्टर प्लाऊराइट यांनी १९६०च्या सुमारास आणखी सुरक्षित लस तयार केली. सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली आणि वाइल्डबीस्टमधला रोग १९६३च्या सुमारास नाहीसा झाला. तेव्हा त्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती, १९७७पर्यंत ती १३ लाखांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांनी गवत खाल्लं, म्हणून वणव्यांना जाळायला गवत उरेना. वणवे कमी झाले तशी उत्तरेकडे बाभळीची रोपं जगू लागली. २०११ साली हा रोग जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. दाजी हे ऐकून म्हणाले, "म्हणजे हे सगळं गुरांच्या डॉक्टरांनी उभं केलंय." मला हे वाक्य फार पटलं. सफारीच्या माहितीपत्रकांत त्या डॉक्टरांचं नाव कुठेतरी यायला हवं.

नाबी हिल गेटमधून सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात शिरलं की गवत हळूहळू उंच होत जातं. उद्यान १९५१चं, क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर. उद्यानाच्या मध्यावरच्या सेरोनेरापर्यंत पोचेस्तोवर गुडघाभर, लालसर थेमेडा गवत लागतं. इथे प्राण्यांचा क्रम बघायचा. झेब्रे उंच, राठ काड्या खातात. ते पुढे गेले की आतली पानं मोकळी होतात, ती वाइल्डबीस्टच्या वाट्याला. मग जमिनीलगत फुटलेले कोवळे कोंब थॉमसन गझेल नावाची छोटी हरणं टिपतात. एकाच रानात तीन पंगती, एकीचं उरलेलं दुसरीच्या कामाचं. हे एकदा कळलं की नुसते झेब्रे दिसले तरी आता मागून कोण येणार याचा अंदाज बांधता येतो आणि रिकाम्या वाटणाऱ्या माळावरही वेळ मजेत जातो.

सिंह दिसले, खडकांच्या ढिगांवर उन्हात पसरलेले. बिबट्याही दिसला, सेरोनेराच्या नदीकाठी, फांदीवर. चित्त्याची मादी नदुतूला दिसली, पण तिच्याभोवती इतक्या गाड्या होत्या की तिला गझेलकडे बघताच येईना. नदुतूचा भाग न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात येतो, तिथे गाड्यांना रस्ता सोडून माळावर उतरायची मुभा असते आणि तिचा असा गैरवापर होतो. आम्ही गाईडना निघायला सांगितलं. शिकार करून पिल्लांना भरवणाऱ्या जनावराला घेराव घालून फोटो काढणं मला मान्य नाही, आणि आपले पर्यटक यात पुढे असतात हे ताडोब्यातही पाहिलं आहे.

परतीच्या वाटेवर विवरात उतरलो. काळा गेंडा दिसला, दूर, दुर्बिणीतून. पण मनात वेगळंच घोळत होतं. १९५९ साली न्गोरोंगोरो सेरेंगेटीपासून वेगळं काढलं गेलं ते मासाईंना गुरांसह तिथे राहता यावं म्हणून. विवराच्या तळाशी आता गुरं चारायला बंदी आहे, आणि २०२२पासून सरकार या कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर, हांदेनी जिल्ह्यातल्या म्सोमेराला हलवत आहे. लोकसंख्या वाढली, गुरं वाढली, हे सरकारचं कारण. त्यात तथ्य असेलही. पण याच लोकांच्या गुरांनी सुया टोचून घेतल्या म्हणून वाइल्डबीस्ट वाढले. त्या लोकांना बाहेर काढून पर्यटकांसाठी मोकळा केलेला माळ मला खटकतो. दाजी तर स्पष्टच म्हणाले, गुराख्याला हाकलून कुरण कसं राखणार?

जाणाऱ्यांसाठी थोडं. वासरं बघायची तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, आणि मुक्काम नदुतूलाच मागा. बरेच टूरवाले सेरोनेराला ठेवतात, मग रोजचे काही तास रस्त्यातच जातात. चावणाऱ्या त्से-त्से माश्यांना गडद निळा आणि काळा रंग ओढतो, तसे कपडे घरी ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांना टांझानियात २०१९पासून बंदी आहे, बॅग भरतानाच त्या काढून टाका. जेवणाची काळजी नको; चपाती तिथे घरोघरी होते आणि शाकाहारी सांगितलं तर राजमा, भात, पालेभाजी मिळते. माणशी एक दुर्बीण घ्या, एकीवर भागत नाही. आणि गाईडना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की तुम्हाला गवतही बघायचं आहे. ते गाडी कुठे थांबवतात आणि किती वेळ थांबवतात, यात लगेच फरक पडतो.