शीग

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर दुपारी तीनच्या सुमारास गिऱ्हाईक ओसरतं. तेव्हा धान्याच्या दुकानासमोर जरा उभं राहावं. पोत्यांची तोंडं गोल दुमडलेली, प्रत्येकावर धान्याचं टोक वर आलेलं, त्यात भावाची पाटी खोचलेली. दुकानदार हरभऱ्यात बाजूने माप खुपसतो, कड ढासळते, चार दाणे घरंगळत रस्त्यावर जातात आणि उतार पुन्हा होता तसा. शेजारच्या मोहरीचा उतार मात्र जरा आडवा. शाळेच्या पुस्तकात शंकूसाठी आइस्क्रीमचा कोनच का लागतो, कोण जाणे. शंकू इथे पोत्यापोत्यावर बसलेत.

भास्कराचार्यांना हे दिसलं होतं. 1150 सालच्या 'लीलावती'त राशिव्यवहार म्हणून वेगळं प्रकरण आहे. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक धान्याची अकराव्या, साळीसारख्या कुसाच्या धान्याची नवव्या. कारण हाताला कळतं. साळीची कुसं एकमेकांत अडकतात, म्हणून रास ताठ राहते. मोहरी गोल, ती कशाला थांबते! मग परिघाचा सहावा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचं, की घनफळ. यात पाय (π) 3 धरलेला असल्याने उत्तर पावणेपाच टक्के जास्त येतं, तेवढं सोडून द्यावं.

हरभऱ्याच्या ढिगाचा परिघ 60 सेंटिमीटर असेल तर उंची 6, सहावा हिस्सा 10, घनफळ 600 घनसेंटिमीटर. परिघ 120 झाला तर उंची 12, सहावा हिस्सा 20, आणि घनफळ 4800. परिघ दुप्पट, धान्य आठपट. एकाच धान्याचे लहानमोठे ढीग एकाच आकाराचे, म्हणून उंची मोजायची गरजच नाही, शिंप्याची टेप एकदा फिरवली की झालं. पण फिरवताना हात सैल नको. 60 च्या जागी 63 वाचलं तर उत्तर 600 ऐवजी 695. टेपमधली पाच टक्क्यांची चूक घनफळात सोळा टक्क्यांची होते. शिवाय धान्य उंचावरून ओतलं की टोक बसतं, पाया पसरतो आणि दहाव्या हिश्शाचा हिशेब कोलमडतो. हात खाली ठेवून, एकाच जागी, हळूहळू ओतावं.

रास भिंतीला टेकलेली असली तर दिसणारा परिघ दुप्पट करायचा, खोलीच्या कोपऱ्यात असली तर चौपट, आणि भिंतीच्या बाहेरच्या कोनाला वळसा घालून असली तर एक पूर्णांक एक तृतीयांश पट. शेवटी उत्तराला त्याच आकड्याने भागायचं. हे भागायचं हमखास राहतं आणि कोपऱ्यातल्या पोतंभर धान्याची चार पोती होतात.

वाशीच्या दाणा बाजारात आता गोणी आणि वजनकाटा. राशीला टेप लावत कोण बसतंय? पण माप होतं तेव्हा भांडण याच शंकूवरून व्हायचं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दर पायरीला धान्य दुप्पट, पण भांडं तोच घाट ठेवून जेमतेम सव्वापट मोठं. म्हणून शेर आणि अधोली शेजारी ठेवली तर एकीत दुसरीच्या दुप्पट मावतं हे डोळा मानत नाही. तीन पायऱ्या चढाव्या तेव्हा कुठे उंची दुप्पट होते: चिपट्यापासून अधोलीपर्यंत.

आणि वर शीग, म्हणजे भरलेल्या मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा शंकू. उत्कंठा शिगेला पोचते ती हीच शीग. जेवढी रुंदी तेवढीच उंची असलेल्या मापावर हरभऱ्याची शीग मापाच्या साधारण दहा टक्के भरते. उंची रुंदीच्या निम्मी असलेल्या पसरट मापावर तीच वीस टक्क्यांच्या वर जाते. मापं दोन्ही सपाट भरली तर सारखीच, शीग लावली की पसरट माप घेणाऱ्याच्या बाजूचं. विकणारा उंच अरुंद माप काढतो, ते उगाच नाही. भांडं लहान असो की मोठं, घाट तोच असला तर टक्का तोच. शिगेला आकाराशी देणंघेणं आहे, आकारमानाशी नाही.

स्वयंपाकघरातली गोल बुडाची वाटी तर याहून लबाड. तिचा घाट जवळजवळ अर्धगोल, म्हणून शीग थेट तीस टक्के. 'एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी' हे प्रमाण सपाट वाटीचं. तांदूळ शिगेने घेतला तर एकाला दोनाच्या जागी एकाला दीडच पाणी पडतं, आणि तीन शिट्ट्या झाल्या तरी भाताच्या शिताला कणी राहते. मग कुकरच्या रिंगला शिव्या, नव्या तांदळाला शिव्या. रिंग बदलून येते, भात पुन्हा तसाच. तांदूळ शीग लावून घेता येतो, पाणी नाही.