मुनाबावचा पुसट शिक्का: नागरिकत्वाच्या अर्जाचा माझा अनुभव

२००९ साली आम्ही थार एक्स्प्रेसने पाकिस्तानातल्या सिंधमधून राजस्थानच्या सीमेवरच्या मुनाबाव स्थानकावर उतरलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तिथे पासपोर्टवर उमटलेला प्रवेशाचा शिक्का इतका पुसट होता की त्यातली तारीख पुढे कोणालाच नीट वाचता आली नाही. पंधरा वर्षांनी माझा सगळा अर्ज त्याच तारखेभोवती फिरेल, हे तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे ‘आश्रयाचा अर्ज’ नावाचा कागद आम्ही कधी भरलाच नाही. भेटीच्या व्हिसावर यायचे, पोलिसांकडे नोंद करायची, मग दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करायचा आणि तो वाढवत राहायचे, हीच आमची वाट होती. नागपुरात जरीपटक्याला राहणाऱ्या एका नातेवाइकांनी आमचे हमीपत्र लिहून दिले. प्रत्येक मुदतवाढीला हमीपत्र, राहण्याचा पुरावा आणि फोटो पुन्हा जोडावे लागत, आणि नेमून दिलेल्या ठिकाणाबाहेर जायचे तर आधी परवानगी घ्यावी लागे. २०१६ मध्ये सवलती मिळून पॅन, आधार आणि वाहन परवान्याची वाट मोकळी झाली, तेव्हा रोजच्या जगण्यातले ओझे बरेच हलके झाले.

नागरिकत्वासाठी लागणारी वर्षे पुरी झाली तोवर माझ्या पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली होती. त्याचे नूतनीकरण करायचे म्हणजे ज्या देशातून निघून आलो त्याच देशाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयात जाऊन रांग लावायची. माझ्या वडिलांना ते मान्य नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते. ११ मार्च २०२४ रोजी सुधारित नागरिकत्व कायद्याचे नियम निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना ते लागू होते आणि मुदत संपलेला पासपोर्टही पुरावा म्हणून चालणार होता, म्हणून मी ऑनलाइन अर्ज भरायला घेतला.

पाकिस्तानी असल्याचा पुरावा देणे सोपे गेले. २०१४ अखेरपर्यंत आल्याच्या पुराव्यासाठी मात्र पुसट शिक्क्याचे पान एकट्याने पुरेल असे वाटेना, म्हणून त्याच्या जोडीला जुना रहिवासी परवाना आणि शाळा सोडल्याचा दाखला काढला. दाखल्याने नवीच अडचण उभी केली. आपल्याकडे शाळेच्या नोंदीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. माझ्या पासपोर्टवर आडनाव नव्हतेच. कागदोपत्री मी दोन निरनिराळ्या मुली झाले होते. त्या दोघी एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करून घेतले, पण पहिल्या मसुद्यात टंकलेखकाने वडिलांचेच नाव चुकवल्यामुळे ते पुन्हा करावे लागले. धर्माबाबतचे पात्रता प्रमाणपत्र आमच्या समाजाच्या पंचायतीकडून मिळाले. माझ्या चारित्र्याची ग्वाही देणारे प्रतिज्ञापत्र शेजारच्या काकूंनी केले आणि त्यासाठी त्या अर्धा दिवस माझ्यासोबत थांबल्या.

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान आहे, अशी घोषणाही करायची असते. सिंधी त्या अनुसूचीत १९६७ पासून आहे. तरीही मी मराठी लिहिली, कारण सिंधी मी घरी बोलते, पण शाळेत लिहायला शिकले ती भाषा मराठी होती. आईला हे फारसे आवडले नाही.

पडताळणी करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्षपद टपाल खात्याच्या अधीक्षकांकडे असते. पोलिसांच्या कार्यालयात वर्षानुवर्षे हजेरी लावलेल्या मला याचे नवल वाटले. तिथे स्वतः हजर राहून सगळी मूळ कागदपत्रे दाखवावी लागतात आणि निष्ठेची शपथ घेऊन त्यावर सही करावी लागते. अधिकाऱ्यांनी शिक्क्याचे पान खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले, मग रहिवासी परवान्यावरची तारीख पाहिली आणि काही न बोलता पुढचा कागद उचलला. अंतिम निर्णय राज्य पातळीवरच्या अधिकारप्राप्त समितीचा असतो. तिचे प्रमुख जनगणना संचालक असतात.

काही महिन्यांनी प्रमाणपत्र आले. या कायद्याखाली नागरिकत्व प्रमाणपत्राच्या तारखेपासून धरत नाहीत, ते भारतात प्रवेश केल्याच्या दिवसापासून धरतात. म्हणजे मुनाबावच्या फलाटावर आईचा हात धरून शिक्क्यासाठी रांगेत उभी होते, त्या दिवसापासून.