वेगवान पण मुका स्विच: २.५ जी तांब्यावर, १० जी डॅकवर

नॅसमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कवरच्या फाइल साठवायच्या डब्यात, चार डिस्क बसल्यापासून जुना गिगाबिट स्विचच आडवा येतोय. फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला ११२ मेगाबाइटच्या आसपास चढतो आणि तिथेच अडकतो. आजकालची साधी फिरती डिस्क एकटी सलग वाचनात दीडशेच्या वर जाते, इथे तर चार आहेत. इंटरनेटचा यात संबंध नाही. माझं कनेक्शन ३०० एमबीपीएसचं, त्याला गिगाबिट पुरून उरतं. वेग हवाय तो घरातल्या घरात, व्हिडिओच्या मोठ्या फाइली इकडून तिकडे हलवायला.

म्हणून नवा स्विच घ्यायचा, आणि त्याला दुसरी अट आवाजाची. बिल्डरने सगळ्या खोल्यांच्या केबल हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटात आणून सोडल्यात, त्यामुळे स्विच तिथेच राहणार. आई हॉलमध्ये झोपते आणि तिची झोप भलतीच सावध.

ऑफिसांतून निघालेले जुने रॅकचे स्विच स्वस्तात मिळतात, २४ पोर्ट, वर चार एसएफपी+ (मोड्यूल किंवा तयार केबल खोचायचे १० गिगाबिटचे पोर्ट), मोह होतोच. एका मित्राकडून असा एक आणून लावून पाहिला. चालू करताच हेअर ड्रायर लावल्यासारखा आवाज, आणि स्थिरावल्यावरही एक बारीक किणकिण शिल्लक. यात त्या स्विचचा दोष नाही. एक-यू, म्हणजे रॅकचा एक कप्पा, ४४.४५ मिलिमीटर उंच, आत पंखा बसणार जास्तीत जास्त ४० मिलिमीटरचा. एवढ्याशा पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर त्याला हजारोंच्या फेऱ्यांनी गरगरावं लागतं, आणि असा तीक्ष्ण आवाज बंद दारातूनही जाणवतो. पंखे काढून नॉक्टुआ कंपनीचे शांत पंखे बसवा, असा सल्ला हमखास मिळतो. पण शांत पंखा शांत असतो तो हवा कमी फेकतो म्हणून. शिवाय बरेच स्विच फेऱ्या मोजतात. आकडा खाली गेला की पंखा मेला असं समजून लाल दिवा लावतात, काही तर बाकीचे पंखे पूर्ण वेगाने सोडतात. ज्याच्याकडे वेगळी खोली आहे त्याने खुशाल घ्यावा. हॉलसाठी बिनपंख्याचाच.

आता खरा मुद्दा. स्विच शांत राहणार की नाही हे पोर्ट कोणते यावर ठरतं. १० जी (सेकंदाला १० गिगाबिट) आरजे-४५ वर, म्हणजे तांब्याच्या साध्या केबलवर चालवायचं तर दोन्ही टोकांच्या चिपना सिग्नल सोडवायला बरीच आकडेमोड करावी लागते. आकडेमोड म्हणजे वॅट, वॅट म्हणजे उष्णता आणि उष्णता आली की पंखा आला. एसएफपी+ पोर्टात बसणारं १० जी तांब्याचं मोड्यूल दोन-अडीच वॅट खातं. तो पोर्ट मुळात आखला होता दीड वॅटपर्यंतच्या मोड्यूलसाठी. अशी दोन मोड्यूलं शेजारी-शेजारी लावा आणि बोट लावून बघा. याउलट डॅक, म्हणजे दोन्ही टोकांना एसएफपी+ चं डोकं असलेली तयार तांब्याची केबल, जवळपास काहीच खात नाही. पॅसिव्ह, म्हणजे सिग्नल न वाढवणारी साधी डॅक फार लांब मिळत नाही, हीच तिची मर्यादा.

२.५ जी मात्र तांब्यावर आरामात चालतं. २०१६ च्या ८०२.३बीझेड या इथरनेट मानकाचा हेतूच तो होता, भिंतीतली जुनी कॅट-५ई केबल न उकरता त्यावरून गिगाबिटच्या अडीचपट वेग काढायचा, तोही १०० मीटरपर्यंत. १० जी ला तेवढ्याच अंतरासाठी कॅट-६ए लागते, साध्या कॅट-६ वर ५५ मीटरपर्यंतचं गणित. म्हणून माझा हिशेब असा ठरला: खोल्यांना २.५ जी, आणि १० जी फक्त नॅस आणि डेस्कटॉप या दोघांना, तेही डॅकने.

खरेदीआधी केबल तपासल्या. जॅकच्या मागून चार इंच केबल बाहेर ओढली, वरचं आवरण सोललं आणि एका तारेवर ब्लेड हलकेच घासलं. हॉल ते अभ्यासाची खोली: आतपर्यंत लालसर, म्हणजे शुद्ध तांबं. बेडरूमची केबल: वर तांब्याचा मुलामा, आत पांढरट चकाकी. ॲल्युमिनियम! कॅट-५ई असं छापलंय, पण सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, मानकात बसत नाही. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. चुंबक लावून हे कळत नाही, दोन्ही धातू त्याला दाद देत नाहीत. ब्लेडच बरं. इलेक्ट्रिशियन शेजारी उभा होता. "नेट चालू आहे न भाऊ, मग कायले उकरता?" त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे म्हणा.

नॅस आणि डेस्कटॉप दोन्ही कपाटाच्या भिंतीपलीकडे, अभ्यासाच्या खोलीत. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक तिथे आधीच होतं. डॅकचं डोकं जेमतेम दीड सेंटीमीटर रुंद, त्यामुळे तीन मीटरच्या दोन केबल त्यातून सहज गेल्या. वळणं असलेल्या कन्सील्ड पाइपमधून त्या जाणार नाहीत, याचा नाद करू नका. दोघांना थेट एकमेकांना जोडलं असतं तर स्विचचे एसएफपी+ पोर्ट वाचले असते, हेही खरं. पण मग नॅसला दोन पत्ते, दोन नेटवर्क, आणि कोणती फाइल कुठल्या वाटेने जातेय याची कायमची शंका. नको. १० जी ची नेटवर्क कार्डं दोन्हीकडे जुनी कनेक्टएक्स-३ टाकली. ती गरम होतात, एवढं ध्यानात ठेवून केसच्या पंख्यासमोरचा स्लॉट द्यायचा.

स्विच घेतला तो छोटा लोखंडी डबा: चार २.५ जी, दोन एसएफपी+, आत रिअलटेकची आरटीएल८३७२ चिप. खोक्यावर ६० जीबीपीएस लिहिलंय, ते सरळ गणित आहे: चार अडीचे दहा, दोन दहांचे वीस, मिळून तीस, आणि दोन्ही दिशा धरून दुप्पट. मायक्रोटिकचा सीआरएस३०५ हा स्विचही बराच वेळ डोक्यात होता, चार एसएफपी+ आणि पंखा नाही. पण माझ्याकडे तांब्याच्या केबल जास्त, प्रत्येकीसाठी मोड्यूल घ्यायचं म्हणजे पैसेही जातात आणि ती मगाचची उष्णताही परत येते. जुना गिगाबिट स्विच टीव्ही आणि प्रिंटरसाठी मागे तसाच ठेवला. नव्यात व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) येतं, वेबपानावरून सेटिंग होतं, तेवढं पुरे.

पंखा नाही म्हणजे आवाज नाही, असं मात्र समजू नका. पॉवर अडॅप्टर आणि बोर्डावरच्या कॉइलही कुईं करतात. ते ऐकायचं तर हिवाळ्याची रात्र हवी, कारण आमच्या नागपुरात उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत स्विच काय, ट्रकसुद्धा ऐकू येणार नाही. सोबत आलेला अडॅप्टर खरोखरच हलकं कुजबुजत होता. १२ व्होल्टचा दुसरा जरा बरा अडॅप्टर लावला, कुजबूज गेली. १२ व्होल्टचा आणखी एक फायदा, लाइट गेली की राउटरच्याच मिनी यूपीएसवर स्विचही चालतो. फक्त दोघांचे अँपिअर मिळून यूपीएसच्या आत बसतात का ते आधी बेरजेने बघा.

उष्णतेचं वेगळं. घरगुती स्विच बहुधा ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात दुपारी बंद कपाटात आमच्याकडे तेवढं तापमान काहीही चालू न करता असतं. कपाटाची मागची फळी काढली, स्विच भिंतीला उभा टांगला. लोखंडी डबा हाच हीटसिंक, आणि प्लायच्या फळीवर आडवा ठेवला की त्याची एक बाजू झाकली जाते. इन्फ्रारेड थर्मामीटरने आडव्याचे ६१ अंश आले होते, उभा केल्यावर त्याच वेळेला ५३. कूलरची ओली हवा थेट अंगावर येणार नाही अशी जागा मात्र बघावी लागली.

नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ चे आकडे: नॅस ते डेस्कटॉप ९.४ गिगाबिट, २.५ जी वरच्या लॅपटॉपला २.३५. फाइल कॉपीत चार डिस्क आता ४००-४५० मेगाबाइट देतात, म्हणजे आता डिस्कच मागे पडतायत, जे हवं तेच झालं. एक गोष्ट खटकली. नॅसकडून लॅपटॉपकडे पाठवताना रिट्रायचा, म्हणजे पुन्हा पाठवाव्या लागलेल्या डेटाचा, रकाना भरत होता, उलट दिशेला शून्य. १० जी वरून धो-धो आलेला डेटा २.५ जी च्या दारातून काढताना या स्वस्त चिपचा छोटा बफर (तात्पुरती साठवण) ओसंडतो. फ्लो कंट्रोल, म्हणजे पाठवणाऱ्याला क्षणभर थांबवायची सोय, चालू केल्यावर रिट्राय जवळजवळ संपले. पण त्याने एकाच वेळी दोन जण नॅसवर असताना वेगवान माणूस हळू माणसासाठी थांबतो का, ते अजून मोजायचंय.

बेडरूम सध्या गिगाबिटवर बांधून ठेवलीय. त्या ॲल्युमिनियमवर २.५ जी जोडलं जातं, पण मधूनच लिंक पडते. दिवाळीआधी रंगकाम निघणार आहे, तेव्हा त्याच पाइपमधून जुन्या केबलला बांधून शुद्ध तांब्याची कॅट-६ ओढून घ्यायची. इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवलंय की केबलचं बंडल मी आणणार.