परवाना १९१८चा, जहाज १९४२चं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बोटीवरच्या कामगारांच्या चळवळीवर बोललो की हा प्रश्न हमखास येतोच: ह्यू मल्झॅक या काळ्या दर्यावर्दीकडे कप्तानाचा परवाना १९१८ पासून होता, मग अमेरिकेत त्यांना जहाज मिळायला १९४२ का उजाडावं लागलं? एवढी वर्षं ते गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, का राबले?

दुसरं दार ठोठावून झालं होतं. काळ्यांचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीच्या ‘यार्मथ’वर ते अधिकारी होते, पण ती कंपनीच बुडाली. बाकीच्या कंपन्यांचा खाक्या ठरलेला: काळ्या माणसाने एकतर ताटं वाढायची, नाहीतर खाली बॉयलरपाशी कोळसा ओढायचा. परवाना खिशात ठेवून मल्झॅक स्वयंपाकच करत राहिले.

चिकाटीचं कौतुक मलाही आहे. पण माझ्या मते जहाज मिळालं ते युनियनमुळे. पूर्वी बोटीवर काम मिळवायचं तर एजंटचे हात ओले करावे लागत. मुंबई बंदरात आपल्या कोकण-गोव्याच्या खलाशांना हे सांगायला नको, तिथे सारंगाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, दस्तुरी होतीच. १९३७ मध्ये अमेरिकेत खलाशांची नॅशनल मेरिटाइम युनियन उभी राहिली. जमैकाचे फर्डिनंड स्मिथ तिच्या संस्थापकांपैकी आणि उपाध्यक्षही. भरती युनियनच्या हॉलमध्ये होऊ लागली. काम पुकारलं की खलाशी आपापली कार्डं पुढे टाकत आणि ज्याच्या कार्डावरची तारीख सर्वांत जुनी, त्याची पाळी. गोरे कुरकुरत, कधी काळ्या सोबत्याबरोबर जायला साफ नकार देत. स्मिथ त्यांच्याशी भांडत राहिले. लोकांना मल्झॅक आठवतात, स्मिथ नाहीत, याचा मला राग येतो.

युद्धामुळे माणसांचा तुटवडा होता, हेही खरं. तरी मल्झॅकना आधी देऊ केलं होतं ते फक्त काळ्या खलाशांचं जहाज, आणि ते त्यांनी नाकारलं. अखेर ‘बुकर टी. वॉशिंग्टन’ मिळालं, तेही काळ्यागोऱ्यांच्या मिश्र ताफ्यासह. गायिका मॅरियन अँडरसन यांच्या हस्ते त्याचं जलावतरण झालं. त्याने २२ फेऱ्या केल्या, सुमारे १८ हजार सैनिक पोचवले. प्रवासात मल्झॅक खलाशांचे नौकानयनाचे वर्गही घेत.

युद्ध संपलं आणि कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. स्मिथ कम्युनिस्ट, म्हणून युनियनने त्यांना बाहेर काढलं, १९५१ मध्ये त्यांना अमेरिका सोडून जमैकाला परतावं लागलं. मल्झॅकही काळ्या यादीत गेले. १९६० मध्ये कोर्टाने त्यांचे खलाशाचे कागद परत मिळवून दिले, तेव्हा वय ७४. काम मिळालं रात्रपाळीच्या मेटचं, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं.