डोळ्यांचा कागद

बोट चालवायचं सर्टिफिकेट हातात येऊन दोन महिने झाले, तरी डोळ्यांच्या दाखल्याचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. ज्यांना स्वतःची छोटी प्रवासी बोट स्वतः चालवायची आहे त्यांना एवढंच सांगतो: बाकी सगळं राहू द्या, आधी डोळ्यांचा कागद घ्या. मी तो शेवटी ठेवला आणि अख्खा पावसाळा घालवला.

आमची नऊ मीटरची फायबरची बोट आहे, मांडव्याच्या बाजूला. धंदा मेहुणे बघतात. बोट चालवणारा जुना तांडेल आखातात नोकरीला गेला, नवा टिकेना, म्हणून घरातल्या कुणीतरी परीक्षा द्यायची ठरलं. मी शाळेत असल्यापासून बाबांच्या होडीवर सुकाणू धरलंय, त्यामुळे सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. अनुभवाचा दाखला, पोहणं, प्रथमोपचाराचा कोर्स हे सगळं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलं. बोटी वर ओढलेल्या, हाताला काम नाही, म्हटलं जुलैत तोंडी परीक्षा देऊन मोकळा होईन.

अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाबूंनी कागद चाळले आणि डोळ्यांच्या दाखल्यावर बोट ठेवलं. "दोन्ही डोळे सहा-सहा, ते ठीक. पण रंगांचं काय?" आमच्या डॉक्टरांनी रंगांबद्दल काही लिहिलंच नव्हतं. मागणी रास्त होती, मी वाद घातला नाही. समुद्रावर रंग म्हणजेच भाषा. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. रात्री तुमच्या उजव्या हाताला दुसऱ्याचा लाल दिसला की तो तुमच्या वाटेत आडवा येतोय आणि वाट द्यायची ती तुम्ही. डाव्या हाताला हिरवा दिसला तर वाट त्याने द्यायची. समोर लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर दोघं एकमेकांच्या अंगावर येताय, दोघांनीही उजवीकडे वळायचं. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याच्या हातात रात्री सुकाणू देऊच नये, हे मला मान्य आहे.

तर, दुसरी फेरी. डॉक्टरांकडून 'रंगांधळेपणा नाही' असं लिहून आणलं. "खाजगी चालत नाही, सरकारी आणा." हे पहिल्या फेरीत सांगता आलं असतं.

तिसरी फेरी सरकारी दवाखान्याची. नेत्रवाले डॉक्टर फक्त बुधवारी येतात, आणि मी गेलो गुरुवारी. पुढच्या बुधवारी गेलो तर डॉक्टर शिबिराला. त्याच्या पुढच्या बुधवारी डॉक्टर होते, मी होतो, बाहेर धो धो पाऊस होता, पण पुस्तक नव्हतं. रंगांच्या तपासणीला इशिहाराचं पुस्तक लागतं. रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेली ती चित्रं १९१७ साली जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी काढली. पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मी विचारलं, कधी येणार? शिपाई म्हणाला, "गावी शेती आहे त्यांची. लावणी झाली की येतील."

लावणी झाली. ते आले. ऑगस्टचा दुसरा आठवडा. डॉक्टरांनी पुस्तक उघडलं, पहिलं पान माझ्यासमोर धरलं. "काय दिसतंय?"

"बारा."

पुस्तक मिटलं. सही, शिक्का.

आता हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत असेल ते हसतील. पहिल्या पानावरचा बारा सगळ्यांनाच दिसतो, पूर्ण रंगांधळ्यालासुद्धा. तपासणी कशी असते हे समजावून देण्यासाठीच ते पान असतं, खरी परीक्षा पुढच्या पानांपासून. मला हे आधीच ठाऊक होतं, कारण तीन बुधवार बाकावर बसून दुसरं काय वाचणार? मी म्हटलं, "साहेब, पुढची पानं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दिसतंय ना? मग बस." मी हट्टाने पुस्तक मागून घेतलं आणि बाकावर बसून पानं बघून काढली. सगळे आकडे दिसले. म्हणजे माझी रंगदृष्टी मीच तपासली, सरकारने फक्त सही केली.

तोच कागद घेऊन खिडकीवर गेलो. बाबू म्हणाले, "नोंदणी क्रमांक कुठाय डॉक्टरांचा?" शिक्क्यावर नव्हता. पुन्हा बुधवार. त्या दिवशी मी घरी कुणाशी बोललो नाही. डॉक्टरांनी पेनाने क्रमांक लिहून दिला, अर्धं मिनिट लागलं. कागद जमा झाला तेव्हा गणपती तोंडावर आले होते. म्हणून सांगतो, दाखल्यावर चार गोष्टी तिथेच उभं राहून बघा: नजर, रंग, तारखेसकट सही, शिक्क्यात क्रमांक. दोन झेरॉक्स घरी ठेवा. आणि चष्मा असेल तर चष्म्यासकटची नजर लिहून घ्या, रांगेत माझ्या पुढे असलेल्याला त्याच्यासाठी परत पाठवला होता.

तोंडी परीक्षा मात्र चांगली झाली, जेमतेम वीस मिनिटं. परीक्षकांनी टेबलावर दोन लाकडी बोटी ठेवल्या. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, त्याच्या पुढून घुसायचं नाही, वळायचं तर लवकर आणि एवढं वळायचं की समोरच्याला दिसलं पाहिजे. हे घडाघडा सांगितलं. मग त्यांनी एक बोट उचलून तिथे जाडजूड पेपरवेट ठेवला. "हे न्हावा शेवाला चाललेलं कंटेनर जहाज, चॅनेलमध्ये. तू त्याच्या उजव्या हाताला. म्हणजे वाट तुझी?" इथे बरेच जण फसतात. बाबांचं वाक्य आठवलं, "मोठ्याला ब्रेक नसतो रे." अरुंद चॅनेलमध्ये, म्हणजे जहाजांच्या ठरलेल्या वाटेत, वीस मीटरपेक्षा लहान बोटीने, शिडाच्या बोटीनेही, मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही. समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला हा नववा नियम. नंबर सांगितल्यावर ते जरा खूश झाले.

पुढच्या प्रश्नात मी माती खाल्ली. "वाट तुझी आहे, दुसरा देणार आहे. तू काय करशील?" मी म्हटलं, "जरा स्लो होऊन बघीन." ते कडाडले. रस्त्यावर आपण ब्रेक मारतो, हात करून पुढच्याला जाऊ देतो, तो चांगुलपणा पाण्यावर घात करतो. वाट तुमची असेल तर दिशा आणि वेग तसाच ठेवायचा, तो त्याच हिशेबाने वळणार असतो. तो वळतच नाही असं दिसलं तर पाच छोटे हॉर्न, आणि मग स्वतः हालचाल, पण डाव्या हाताच्या बोटीसाठी डावीकडे वळायचं टाळायचं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही जहाजं एकमेकांवर आदळली आणि कंटेनर समुद्रात पडले, तो विषयही त्यांनी काढला. १८ डिसेंबर २०२४ च्या नीलकमल या प्रवासी बोटीच्या अपघाताबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही.

शेवटचा प्रश्न गाळ काढणाऱ्या ड्रेजरचा. रात्री ज्या बाजूला अडथळा तिकडे एकाखाली एक दोन लाल दिवे, ज्या बाजूने जाता येतं तिकडे दोन हिरवे. उत्तर देताना मला ते पहिलं पान आठवलं आणि हसू आलं. त्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही साहेब."

एक राहिलंच. परीक्षेत कुणी विचारत नाही, पण गेटवेच्या पायऱ्यांशी माणसं चढत-उतरत असताना शेजारून जोरात जाऊ नका. तुमची लाट त्यांच्या बोटीला लागते आणि एक पाय बोटीत, एक पायरीवर असलेली आजी पडते. जाळ्यांच्या बोयांनाही लांबून वळसा घाला, नाहीतर दोरी पंख्यात अडकते आणि वर शिव्या पडतात त्या वेगळ्या.

सर्टिफिकेट ऑक्टोबरात आलं. आता धाकट्या मेहुण्याचा अर्ज चालू आहे. त्याला माझ्या दाखल्याची झेरॉक्स दिली आणि सांगितलं, बुधवारी जाण्याआधी फोन करून विचार, किल्ली कुणाकडे आहे.