प्रेअरीवरची लाकडी कोठारं

कॅनडातल्या अल्बर्टात आल्यापासून माझ्या डोक्यात एक खूळ होतं, ग्रेन एलिव्हेटर्सचे फोटो काढत फिरायचं, तर या लाँग वीकेंडला नवऱ्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि निघालो. ग्रेन एलिव्हेटर म्हणजे रेल्वे रुळाला लागून उभं असलेलं धान्याचं लाकडी कोठार, 70-80 फूट उंच, आणि आजूबाजूला सगळी सपाट प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदान, त्यामुळे गाव यायच्या कितीतरी आधी तेच दिसतं. गावाचं नावही त्याच्यावरच रंगवलेलं.

कॅल्गरीच्या दक्षिणेला नॅन्टनला अशी तीन आहेत, लोकांनी धडपड करून पाडण्यापासून वाचवलेली, आता म्युझियम झालंय. हे चालायचं कसं ते तिथे नीट कळलं. गाडी थेट आत काट्यावर घ्यायची, वजन झालं की धान्य जाळीतून खालच्या खड्ड्यात, तिथून पट्ट्याला लावलेल्या वाट्या ते उचलून पार वर नेणार, वरून नळीने हव्या त्या कप्प्यात, आणि रेल्वेचा डबा आला की आपोआप खाली घसरत डब्यात. इंजिन मात्र बाजूच्या वेगळ्या खोलीत, कारण धान्याची धूळ हवेत भरलेली असताना एक ठिणगी पडली तरी स्फोट! भिंतीच्या फळ्याही आडव्या, एकावर एक रचून खिळे ठोकलेल्या, नाहीतर आतल्या धान्याच्या दाबाने भिंतच फुटायची.

काटा एलिव्हेटर कंपनीचा, धान्याची ग्रेड ठरवणारा माणूसही कंपनीचा, म्हणजे मापात पाप होतंय ही शंका शेतकऱ्यांना आलीच. मार्केट यार्ड पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्यातूनच 1923 मध्ये अल्बर्टा व्हीट पूल ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे त्यांनी स्वतःची एलिव्हेटर्सच काढली.

घोडागाडीने दिवसात जाऊन परत येता यावं म्हणून रुळावर दर 10-15 किलोमीटरला एक स्टेशन आणि तिथे एलिव्हेटर्स, त्यामुळे 1930 च्या दशकात प्रेअरीवर 5,700 च्या वर होती. मग ट्रक आले, चांगले रस्ते आले, 1995 मध्ये धान्याच्या रेल्वे भाड्यावरची सबसिडी गेली, छोट्या लाइनी बंद पडल्या. आता शंभरेक डबे एकदम भरणारी काँक्रीटची टर्मिनल्स आहेत, जी सोयीची असतील पण फोटो काढावासा मुळीच वाटत नाही.

मॉसलीला हायवेच्या कडेलाच तीन एलिव्हेटर्स एका ओळीत उभी आहेत, तिथे पटकन उरकलं. मला सगळ्यात आवडलं ते ड्रमहेलरजवळच्या डोरोथी गावातलं, एकटंच, रूळही उखडून नेलेले. दुपारी पोचलो तर उन्हात सगळं फिकट, फोटो अगदीच सपाट येत होते, म्हणून नवऱ्याची कुरकुर ऐकत संध्याकाळपर्यंत थांबलो, आणि तिरपं ऊन पडल्यावर फळी न् फळी वेगळी दिसायला लागली. आत जायचा मोह होतो पण जाऊ नका, आतली लाकडी जमीन कुजलेली असते आणि खाली तो खड्डा.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारचा सस्कॅचेवान प्रांत करायचाय. तिथे गव्हाबरोबर मसूर आणि वाटाणाही चिक्कार पिकतो, आणि तो भारतात येतो. म्हणजे तुमच्या रगड्यातला वाटाणा याच बाजूचा असू शकतो हं!